फाइलचे नाव आपले, जागा सर्व्हरची

ऑनलाइन अर्ज भरताना आपण छायाचित्र, गुणपत्रिका 'अपलोड' करतो. ती फाइल सर्व्हरच्या डिस्कवर नेमकी कोठे लिहायची, हे अनेक संकेतस्थळांवर जावा भाषेतील वेब अॅप्लिकेशन ठरवते. तेथे दोन चुका हमखास घडतात.

पहिली, फाइल अॅप्लिकेशनच्याच फोल्डरमध्ये ठेवणे. 'टॉमकॅट' सर्व्हरवर नवी 'वॉर' फाइल बसवली, की जुना फोल्डर पुसला जातो आणि त्यासोबत अर्जदारांची कागदपत्रेही. म्हणून साठवणीची जागा अॅप्लिकेशनबाहेरच हवी.

दुसरी चूक अधिक घातक. वापरकर्त्याने दिलेले नाव जसेच्या तसे स्वीकारल्यास, त्यात दोन टिंबे व तिरपी रेघ घालून हल्लेखोर वरच्या फोल्डरमध्ये शिरू शकतो. तेथील गोपनीय फाइल वाचू शकतो किंवा स्वतःचा प्रोग्राम पेरू शकतो. 'अपाची स्ट्रट्स'मध्ये डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेली त्रुटी याच जातीची होती. ६.३.०.२ या आवृत्तीत ती दूर करण्यात आली.

खबरदारी मात्र साधी आहे. साठवणीचे नाव सर्व्हरनेच तयार करावे, मूळ नाव केवळ डेटाबेसमध्ये नोंदवावे आणि प्रत्येक वाचन-लेखनापूर्वी फाइलचा संपूर्ण मार्ग ठरलेल्या फोल्डरातच संपतो, हे तपासावे.