तिसऱ्या क्रमांकाचं मूलद्रव्य

विश्व जन्मलं त्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत मोजकीच मूलद्रव्यं तयार झाली. भरपूर हायड्रोजन, बराचसा हेलियम आणि नावापुरतं लिथियम. लोखंड, सोनं, आपल्या हाडांतलं कॅल्शियम हे सगळं फार पुढचं. आज पृथ्वीवर सापडणाऱ्या लिथियमचा बराच भाग नंतरच्या काळात घडला, तरी काही अणूंची केंद्रकं त्या पहिल्या मिनिटांतलीच आहेत. तीन प्रोटॉनांचा हा धातू इतका हलका, की तेलावरही तरंगतो. आणि याच धातूचा क्षार गोळीतून पोटात गेला, की बायपोलर आजार असलेल्या कितीतरी माणसांच्या मनातली उलथापालथ थांबते. हे कळल्यापासून माझं नवल ओसरलेलं नाही.

बायपोलर म्हणजे लहरी स्वभाव नव्हे. मेनियाच्या दिवसांत माणूस दोन-तीन तास झोपतो आणि तरीही ताजातवाना असतो. बोलणं थांबत नाही, एक कल्पना संपायच्या आत दुसरी सुचते, कर्ज काढून धंदे सुरू होतात. आपल्याला खास शक्ती लाभली आहे अशी काहींची खात्रीच पटते. हे आठवडा-आठवडा, कधी महिनोन् महिने चालतं. पुढे तोच माणूस अंथरुणातून उठेनासा होतो, जेवण नको होतं, जगणंही नको होतं. घरचे आधी म्हणतात, ‘केवढा उत्साह!’ मग म्हणतात, ‘आळशी झालाय.’ कित्येक घरांत तर बाहेरची बाधा समजून देवऋषीच्या वाऱ्या करण्यात मोलाची वर्षं निघून जातात.

लिथियमचा हा गुण सापडला तो मात्र एका चुकीच्या तर्काचा पाठपुरावा करताना. जॉन केड हे ऑस्ट्रेलियाचे मानसोपचारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सिंगापूरच्या चांगी इथे जपान्यांच्या कैदेत तीन वर्षांहून अधिक काळ काढला. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या हॉस्पिटलात, वापरात नसलेल्या एका खोलीत त्यांनी प्रयोग मांडले. मेनिया एखाद्या विषारी द्रव्यामुळे होत असेल आणि ते लघवीतून बाहेर पडत असेल, असा त्यांचा कयास होता. म्हणून रुग्णांची लघवी ते गिनीपिगना टोचत. त्यातलं युरिक ॲसिड तपासायचं, तर ते पाण्यात नीट विरघळेना. त्याचा लिथियम क्षार विरघळतो, एवढ्याच कारणाने लिथियम प्रयोगात आलं. ते टोचल्यावर एरवी बुजरे असलेले गिनीपिग निपचित, शांत झाले.

केडनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं. १९४८ च्या मार्चमध्ये त्यांनी ते पन्नाशीतल्या एका रुग्णाला दिलं. हा गृहस्थ पाच वर्षं सलग मेनियात होता. काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजूही झाला. १९४९ मध्ये केडनी दहा मेनिया रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पण या कथेची दुसरी बाजू सांगायलाच हवी. त्या पहिल्या रुग्णाने औषध सोडलं, आजार उलटला, पुन्हा उपचार झाले आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. रक्तातलं लिथियम नेमकं मोजून डोस ठरवण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती.

पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी काटेकोर चाचण्या घेऊन दाखवलं की लिथियम आलेला मेनिया आवरतं, शिवाय पुढचे झटकेही रोखतं. अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला १९७० उजाडलं. दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्यांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण घटतं, असं पुढे अनेक अभ्यासांत दिसलं.

पण रक्तातली पातळी मोजत राहावी लागावी, इतकं हे औषध नाजूक का? याचं उत्तर मूत्रपिंडात आहे आणि मला तर तो भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. लिथियम आणि सोडियम ही आवर्तसारणीत एकाखाली एक बसलेली भावंडं. मूत्रपिंड रक्त गाळतं आणि त्यातलं मीठ परत शोषून घेतं, तेव्हा त्याला या दोघांतला फरक नीट ओळखता येत नाही. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडलं, की ते सोडियम धरून ठेवतं आणि त्यासोबत लिथियमही. गोळी तीच, डोस तोच, पण रक्तातली पातळी चढते. साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल एवढ्याच पट्ट्यात हे औषध नीट काम करतं. १.५ च्या वर धोका सुरू होतो.

म्हणून लिथियम घेणाऱ्याला चैत्र-वैशाखातलं ऊन, जुलाब-उलट्या, निर्जळी एकादशी या गोष्टी साध्या राहत नाहीत. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन, रक्तदाबाच्या काही गोळ्या, यांनीही पातळी वाढते. हात जोरात थरथरायला लागले, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. एरवी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त तपासायला द्यायचं, अधूनमधून थायरॉईड आणि मूत्रपिंड तपासायचं. हा व्याप खरा आहे. पण ज्यांचं आयुष्य त्यामुळे रुळावर आलं, ते हा व्याप सांभाळतात.

त्याहून अवघड आहे ते बरं वाटत असताना गोळी घेत राहणं. अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन या आजाराच्या जाणकार, त्यावरच्या मान्यवर ग्रंथाच्या सहलेखिका. त्यांना स्वतःलाच बायपोलर आहे. आपण लिथियम किती वेळा झिडकारलं आणि त्याची केवढी किंमत मोजली, हे त्यांनी १९९५ च्या आत्मकथनात उघडपणे लिहिलं. मेनियाच्या सुरुवातीची ती झळाळी हवीहवीशी असते. ‘मी बरा आहे, आता गोळी कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच हट्ट समजून उडवून लावू नये. तो डॉक्टरांसमोर मांडावा. डोस बदलता येतो, औषधही बदलता येतं. व्हॅलप्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन असे पर्याय आहेत. फक्त आपल्या मनाने गोळी एकाएकी बंद करू नये, कारण त्यानंतर आजार फार वेगाने उलटू शकतो.

लिथियम सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. ते का, याचा एक धागा २०१५ मध्ये अमेरिकेच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या प्रयोगात हाती आला. संशोधकांनी बायपोलर असलेल्यांच्या त्वचेच्या पेशी घेऊन त्यांपासून प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवल्या. त्या नेहमीपेक्षा जास्त उत्तेजित होत्या. त्यांच्यावर लिथियम टाकलं, तेव्हा ज्या रुग्णांना लिथियमने बरं वाटलं होतं, फक्त त्यांच्याच पेशी निवल्या.