पाण्यावरची चमक पुसणारी काच

सिडनीच्या पूर्व किनाऱ्यावर क्लोव्हेली नावाची एक चिंचोळी खाडी आहे. समुद्र जमिनीत बोटासारखा घुसलेला, दोन्ही अंगांना काँक्रीटचे कट्टे आणि त्या कट्ट्यांवर उन्हात पसरलेली माणसं. या पाण्यात निळा ग्रोपर नावाचा एक दांडगा मासा राहतो. 1998 पासून तो न्यू साउथ वेल्सचा राज्यमासा आहे. हा मासा जन्माला येतो तो मादी म्हणून, तपकिरी रंगात. त्यातले काही पुढे नर होतात आणि मग निळे पडतात. माणसांना तो फारसा बिचकत नाही, कट्ट्याच्या अगदी जवळ येतो.

पुण्याहून इथे शिकायला आलेल्या माझ्या भाचीने नवा कॅमेरा घेतला, तेव्हा पहिल्याच रविवारी तिला तिथे घेऊन गेले. दहा मिनिटं ती लेन्स रोखून बसली आणि वैतागली. "मावशी, मासा आहे म्हणतेस, पण मला तर पाण्यात नुसतं आभाळ दिसतंय!" खोटं नव्हतं. पाण्यावर उन्हाचा असा चकचकाट होता की खाली काय आहे याचा पत्ता लागत नव्हता. मी पिशवीतून काचेचं एक गोल कडं काढलं, तिच्या लेन्सवर बसवलं आणि म्हटलं, आता हे हळूहळू फिरव.

पाव फेरीत पाण्याचा पृष्ठभाग नाहीसा झाला. खडकाच्या कडा, डोलणारं शेवाळ, वाळूवरच्या उन्हाच्या जाळ्या आणि त्यातून सावकाश चाललेला निळा मासा. तिने कडं आणखी पाव फेरी फिरवलं, तर पुन्हा आभाळ. मग बराच वेळ मासा राहिला बाजूला, बाई नुसतं कडंच फिरवत बसल्या.

या काचेचं नाव पोलरायझर. नवख्या फोटोग्राफरला कॅमेऱ्याबरोबर ॲक्सेसरीजचा जो लवाजमा विकला जातो, त्यात बहुतेक वेळा ही काच नसते. यूव्ही फिल्टर असतो, बोटभर उंचीचा ट्रायपॉड असतो, पुसायची चार फडकी असतात. भाचीही अशीच बारा वस्तूंची यादी घेऊन आली होती. मी तिला एकच चाळण दिली: जे काम नंतर कॉम्प्युटरवर होऊ शकतं, त्यासाठी पैसे घालायचे नाहीत. रंग गडद करणं, उजेड वाढवणं, तिरका फोटो सरळ करणं हे सगळं घरी बसून होतं. पण माशाकडून आलेला क्षीण प्रकाश चकचकाटाखाली बुडून गेला असेल, तर तो कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. जे कॅमेऱ्यात शिरलंच नाही, ते पुसून-घासून कुठून निघणार?

ही काच नेमकं करते काय? प्रकाश म्हणजे लाट, आणि सूर्यप्रकाशातल्या लाटा सगळ्या दिशांना थरथरत येतात: काही उभ्या, काही आडव्या, काही तिरप्या. हा प्रकाश पाण्यावर आपटून परावर्तित होतो तेव्हा एक निवड होते. आडव्या थरथरीच्या लाटा जास्त परततात. उभ्या थरथरीच्या पाण्यात शिरून जातात. म्हणजे जो चकचकाट आपल्याला छळतो, तो मुख्यतः आडव्या थरथरीचा असतो. पोलरायझर एकाच दिशेची थरथर आत सोडतो. तो उभी थरथर सोडेल असा फिरवला की चकचकाट अडतो आणि पाण्याखालून आलेला प्रकाश पुढे जातो. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1815 साली दाखवून दिलं की एका ठरावीक कोनात ही निवड संपूर्ण होते. पाण्यासाठी तो कोन लंबरेषेपासून 53 अंशांचा, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून साधारण 37 अंश. कट्ट्यावर बसून थोडं पुढे, थोडं खाली बघितलं की आपली नजर जवळपास त्याच कोनात पडते. सरळ पायाखाली बघाल तर काच फिरवून काही घडणार नाही.

आता गंमत पुढेच आहे. ही काच तयार कशी झाली, हे कळलं तेव्हा मी हातातलं कडं दोनदा उलटंपालटं करून पाहिलं होतं. 1852 मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात विल्यम हेरापॅथ नावाचा डॉक्टर होता. त्याच्या एका शिकाऊ मुलाने कोयनेल दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं. होय, कोयनेल, हिवतापावर आपल्या आजोबांच्या पिढीने तोंड वाकडं करून घेतलेलं तेच. भांड्यात हिरवट, चकाकणारे बारीक स्फटिक तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काही ठिकाणी हे स्फटिक एकमेकांवर आडवेतिडवे पडले होते, आणि तेवढाच भाग काळाकुट्ट दिसत होता. प्रत्येक स्फटिक एकाच दिशेची थरथर सोडत होता. दोन काटकोनात आले की सगळाच प्रकाश अडत होता.

हेरापॅथने या स्फटिकाची मोठी पापुद्र्यासारखी चकती वाढवायला जिवाचं रान केलं. जमलं नाही, स्फटिक फार नाजूक. पुढे हीच गोष्ट ब्रूस्टरच्या कॅलिडोस्कोपवरच्या पुस्तकात अमेरिकेतल्या एका मुलाने वाचली. (जत्रेत आपण डोळ्याला लावून फिरवतो तो कॅलिडोस्कोपही याच ब्रूस्टरचा.) त्या मुलाचं नाव एडविन लँड. त्याने विचार उलटा केला: एक मोठा स्फटिक होत नसेल, तर लक्षावधी बारीक स्फटिक घ्यावेत आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला करून प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात बसवावेत. 1929 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा तो एकोणीस-वीस वर्षांचा होता. पुढे त्याच्या कंपनीचं नाव झालं पोलरॉइड. आजच्या फिल्टरमध्ये कोयनेल उरलेलं नाही; ताणून लांबवलेलं प्लास्टिक आणि त्यात मुरवलेलं आयोडीन बहुधा असतं. जखमेला लावायचं ते आयोडीन कॅमेऱ्याच्या तोंडावर बसून उन्हाची झळाळी गाळतं, हे मला अजूनही सवयीचं झालेलं नाही.

दुकानात ही काच मागाल तर ती 'सीपीएल' म्हणून मिळते, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर. हे नाव काच गोल असते म्हणून नाही. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यांचं मीटर आणि फोकस एका दिशेला थरथरणाऱ्या प्रकाशाने गोंधळायचं. म्हणून फिल्टरच्या मागे आणखी एक थर जोडला, जो गाळून आलेल्या प्रकाशाला पीळ देतो. मग त्याची थरथर स्क्रूच्या आट्यासारखी गोल फिरत पुढे जाते. मिररलेस कॅमेऱ्याला याची तशी गरज नसते, पण बाजारात मिळतो तो बहुतेक सीपीएलच, आणि तो कुठल्याही कॅमेऱ्याला चालतो.

हा पिळाचा प्रकाश माणसाच्या डोळ्याला वेगळा म्हणून ओळखू येत नाही. कुठल्याच प्राण्याला तो ओळखता येतो, याचा पुरावा फार काळ नव्हता. 2008 मध्ये तो मिळाला, आणि त्या संशोधनात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठाचे जस्टिन मार्शल होते. प्राणी होता मॅन्टिस श्रिम्प: ग्रेट बॅरियर रीफच्या बिळांमधून दोन देठांवरचे डोळे गरागरा फिरवत बघणारा, झिंग्यांचा लांबचा नातलग. त्याच्या डोळ्यात एक पेशी अशी आहे की ती पिळाचा प्रकाश सरळ करते आणि खालच्या पेशी तो वाचतात. आपला फिल्टर जे करतो, ते हा डोळा उलट्या क्रमाने करतो. एका जातीत तर नराच्या शेपटीवरून पिळाचा प्रकाश परावर्तित होतो आणि मादीच्या नाही. म्हणजे रीफवर एक खाजगी भाषा चालू आहे, आणि ती वाचायचा चष्मा फक्त त्यांच्याकडे आहे. पुढच्याच वर्षी ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की या पेशीचा थर निळ्यापासून लालपर्यंत दृश्य प्रकाशात इतकं एकसारखं काम करतो की माणसाने बनवलेले नेहमीचे थर त्याच्यापुढे फिके पडावेत. पुन्हा ब्रिस्टलच. हेरापॅथचं शहर.

वापरायला ही काच सोपी आहे, फक्त तिच्या खोडी माहीत हव्यात. सूर्याशी काटकोन करणारा आभाळाचा पट्टा तिने सर्वात गडद होतो. तर्जनी सूर्याकडे करा, अंगठा काटकोनात ताठ ठेवा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथून जिथून जाईल तो तो पट्टा. इथे आल्यावर एक घोळ होतोच: सिडनीत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, आणि आपलं सारं अंगवळण दक्षिणेकडे कललेल्या सूर्याचं. फार रुंद कोनाच्या लेन्सवर आभाळाचा अर्धा तुकडा गडद आणि अर्धा फिका पडतो, तेव्हा काढून ठेवा. इंद्रधनुष्याचा प्रकाश स्वतःच पोलराइझ्ड असतो. काच एका बाजूला फिरवली तर ते उजळतं, दुसऱ्या बाजूला फिरवली तर पुसलं जातं. धातूवरची चमक जात नाही. आणि ही काच निम्म्याहून जास्त प्रकाश खाते, म्हणून संध्याकाळी ती डबीतच बरी. डेन्ट्रीच्या वर्षावनात मात्र भर दुपारीही ती लेन्सवरून काढू नका: ओल्या पानांवरची पांढरी झाक गेली की खालचा हिरवा रंग बाहेर येतो. आंबोलीच्या पावसातही तेच होईल.

माझ्या चाळणीतून दुसरी वस्तू खाली येते ती ट्रायपॉड, कारण शटर पुरेसा वेळ स्थिर उघडं राहिलं नाही, तर तो सांडून गेलेला वेळही नंतर भरून काढता येत नाही. 1979 मध्ये टास्मानियात पीटर डोम्ब्रोव्हस्किस यांनी फ्रँकलिन नदीच्या वळणाचा धुक्यातला फोटो काढला, 'मॉर्निंग मिस्ट, रॉक आयलंड बेंड'. ही नदी एका धरणाच्या पाण्याखाली जाणार होती. 1983 च्या निवडणुकीआधी हा फोटो वर्तमानपत्रात पानभर छापला गेला, सरकार बदललं, आणि त्याच वर्षी 1 जुलैला हायकोर्टाच्या निकालाने धरण थांबलं. एका फोटोने हे सगळं झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल, पण त्या मोहिमेचा चेहरा तोच होता. त्यांचा कॅमेरा मोठ्या फिल्मचा लिनहॉफ. तो आणि त्याचा ट्रायपॉड पाठीवर घेऊन ते रानात उतरत.

ताऱ्यांसाठीही ट्रायपॉडच. न्यू साउथ वेल्सचं वॉरमबंगल राष्ट्रीय उद्यान 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं. आपल्याकडे उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा त्रिशंकू तिथे उंच चढतो. 500 ला लेन्सच्या मिलिमीटरांनी भागा: 20 मिलिमीटरला 25 सेकंद. त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलंत तर पृथ्वी फिरल्याचं दिसतं, तारे रेघा होतात. बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. तो फुकट आहे. ठरावीक अंतराने फ्रेम काढायची सोय कॅमेऱ्यात असेल तर दादासाहेब फाळक्यांना आठवा. 1912 मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली होती, तीही हाताने.

बाकीचं पटकन. एक जास्तीची बॅटरी, आणि विमानात ती हातातल्या बॅगेतच. एका मोठ्या कार्डाऐवजी दोन मध्यम. उलुरूकडची तांबडी धूळ फडक्याने पुसू नका, काचेवर ओरखडे पडतील; आधी रबरी फुग्याने हवा मारा. केर्न्सला किंवा कोकणात राहत असाल तर लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, कारण बुरशी एकदा काचेला लागली की डाग कोरून जाते. यूव्ही फिल्टरच्या कामाची काच डिजिटल सेन्सरसमोर आधीच असते. निव्वळ ढाल म्हणून हवा असेल तर घ्या.

पोलरायझर घेताना तुमच्या सर्वात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच घ्या, आणि लहान लेन्सना माप जुळवणारी स्टेप-अप रिंग लावा. दुकानात जाताना लॅपटॉप न्या. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, फिल्टर लेन्सवर बसतो तसाच डोळ्यासमोर धरून फिरवा: पडदा काळा व्हायला हवा. मग फिल्टर उलटा धरून फिरवा: आता तो काळा होता कामा नये, फार तर रंग जरा बदलेल. दोन्ही बाजूंनी काळा झाला तर तो साधा लिनियर आहे. कुठूनच झाला नाही, तर नुसती काच आहे. परत देऊन टाका.