‘पुरे’ म्हणणारी चिप



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी इयत्ता आठवीच्या एका विद्यार्थ्याचा टॉर्च आम्हाला टेबलावरून उचलावा लागला. त्याने जुन्या मोबाइलमधला सेल काढून चार्जरच्या दोन तारा थेट त्याला जोडल्या होत्या. थोड्या वेळाने सेल गरम झाला आणि उशीसारखा फुगला. तारा वेळीच काढल्या म्हणून कुणाला इजा झाली नाही. पण मुलाचा प्रश्न रास्त होता : “सर, चार्जर तोच, सेलही तोच. मग फोनमध्ये असं का होत नाही?” त्याचे उत्तर सर्वांसाठी येथे देत आहोत.

भिंतीवरच्या प्लगमध्ये आपण जे लावतो, त्याला चार्जर म्हणायची सवय आहे. पण ते काम फक्त २३० व्होल्टच्या विजेचे ५ व्होल्टच्या आसपासच्या एकदिश विजेत रूपांतर करण्याचे. खरा चार्जर फोनच्या आत असतो : काही मिलिमीटरची एक चिप. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली. तिकडे विजेच्या ‘चार्ज’ला ‘आवेश’ म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकात ‘प्रभार’. त्या दिवशी सेलला मात्र मराठी अर्थानेच आवेश चढला, कारण त्याला आवरणारी चिप मध्ये नव्हती.

ही चिप पंगतीतल्या जाणत्या वाढप्यासारखी वागते. पुष्कळ दिवस उपाशी असलेल्याला आधी पेज द्यावी लागते. सेल साधारण ३ व्होल्टच्याही खाली गेलेला असेल, तर चिप आधी नेहमीच्या सुमारे एक दशांश इतकाच प्रवाह देते. सेल सावरला की भरपूर वाढणे सुरू; या वेळी प्रवाह एकसारखा ठेवला जातो आणि सेलचे व्होल्टेज हळूहळू चढते. ते ४.२ व्होल्टला पोचले की (काही नव्या सेलची मर्यादा थोडी अधिक असते) चिप व्होल्टेज तिथेच धरून ठेवते. आता सेल स्वतःच कमी कमी घेऊ लागतो. प्रवाह पुन्हा एक दशांशावर उतरला की चिप म्हणते, “पुरे,” आणि वाढणे थांबवते. फोन ८० टक्के झटपट भरतो आणि पुढचे २० टक्के रेंगाळतात, त्याचे मुख्य कारण हेच.

चिपच्या पोटात एक अचूक संदर्भ व्होल्टेज असते. सेलचे व्होल्टेज त्याच्याशी सतत ताडून पाहिले जाते आणि त्यानुसार एक ट्रान्झिस्टर नळाच्या तोटीसारखा उघडला किंवा आवळला जातो. चुकीला जागा फार थोडी. चांगल्या चिपमध्ये ती १ टक्क्याच्या आतबाहेर असते. कारण लिथियम-आयन सेलला आग्रह सोसत नाही. मर्यादेपलीकडे भरला, तर आत लिथियमचा धातुरूप थर साचू लागतो, द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो, सेल फुगतो आणि पेटूही शकतो. म्हणून पुष्कळ चिपा तापमानावरही लक्ष ठेवतात. सेल साधारण ० ते ४५ अंश सेल्सियसच्या बाहेर गेला की चार्जिंग थांबते.

१९९१ साली सोनी कंपनीने हा सेल बाजारात आणला. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याच्या विकासासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळाले. सेलचे कौतुक झाले. त्याला सांभाळणारी चिप मात्र कुणाच्या नजरेत येत नाही.

प्रकल्प करणाऱ्यांसाठी टीपी ४०५६ ही ८ पायांची चिप बसवलेली छोटी पट्टी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. तिच्यावर सहसा १.२ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो. त्याने प्रवाह १ अँपिअर ठरतो. ३०० मिलि-अँपिअर-तासाच्या छोट्या सेलला तो फार जास्त होतो. तिथे ४ किलो-ओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावावा म्हणजे प्रवाह सुमारे ३०० मिलि-अँपिअर राहील. अनेक स्वस्त पट्ट्यांमध्ये तापमानाची तपासणी जोडलेलीच नसते, म्हणून चार्जिंग मोठ्यांच्या देखत करावे.

चूक एकट्या त्या मुलाची नव्हती. प्रकल्प आधी तपासायला हवे होते, ती जबाबदारी आमची. यापुढे चार्जर चिपशिवाय कोणताही लिथियम सेल प्रदर्शनात मांडता येणार नाही. प्रयोगशाळेसाठी अशा काही पट्ट्या घेण्याची विनंती आम्ही विश्वस्त मंडळाला केली आहे. पालकांनीही घरातला फुगलेला मोबाइल दाबून, टोचून पाहू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये.

टॉर्च मात्र रद्द झालेला नाही. नवा सेल आणि चिप घालून तो वार्षिक स्नेहसंमेलनात मांडला जाईल आणि माहिती सांगायला तोच विद्यार्थी उभा असेल. सर्वांनी अवश्य पाहावा.