लॅपटॉपसारखाच वाटणारा छोटा कीबोर्ड हवाय? खरेदीपूर्वी हे पाहा

लॅपटॉपवर दिवसभर काम करणाऱ्यांची मान का दुखते, याचं कारण त्याच्या रचनेतच आहे. पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला जोडलेले. हात सोयीच्या उंचीवर ठेवले तर मान खाली झुकते, पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर उचलावे लागतात. म्हणून लॅपटॉपखाली स्टँड येतो आणि स्टँड आला की वेगळा कीबोर्ड घ्यावाच लागतो. इथेच बऱ्याच जणांची गाडी अडते. हाताला लॅपटॉपची सवय असते. बाजारातला उंच, जाडजूड कीबोर्ड परका वाटतो. टायपिंगचा वेग पडतो, चुका वाढतात. आठवडाभरात कीबोर्ड कपाटात जातो, लॅपटॉप स्टँडवरून खाली उतरतो आणि मान पुन्हा दुखू लागते.

फरक मिलिमीटरचा

'लॅपटॉपसारखा' म्हणजे नेमकं काय? पहिली गोष्ट, की दाबल्यावर ती किती खाली जाते. डेस्कटॉपच्या नेहमीच्या कीबोर्डमध्ये हे अंतर साधारण ४ मिलिमीटर असतं, बहुतेक लॅपटॉपमध्ये १ ते १.८ मिलिमीटर. लॅपटॉपच्या प्रत्येक कीखाली रबराची छोटी घुमटी असते आणि तिच्याभोवती कात्रीसारख्या एकमेकांत अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या. त्यामुळे की कोपऱ्यावर दाबली तरी डुगडुगत नाही, सरळ खाली जाते. खोक्यावर किंवा वेबसाइटवर 'सिझर' हा शब्द शोधा. लॅपटॉपचा अनुभव हवा असेल तर तो असायलाच हवा. 'लो प्रोफाइल मेकॅनिकल' हा वेगळा प्रकार आहे. तो दिसायला चपटा असला तरी त्याच्या की बऱ्याचदा ३ मिलिमीटरच्या आसपास खाली जातात. वाईट नाही, पण लॅपटॉपसारखा नाही.

मात्र उथळपणाच्याही मागे लागू नका. ॲपलने २०१५ मध्ये 'बटरफ्लाय' प्रकारचा अतिशय उथळ कीबोर्ड आणला. धुळीचा कण गेला तरी की अडकायच्या किंवा एकच अक्षर दोनदा उमटायचं. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०१९ च्या अखेरीस मॅकबुकमध्ये कात्री परतली.

मराठी लिहिणाऱ्यांनी उजवी बाजू पाहावी

पूर्ण आकाराचा कीबोर्ड सुमारे ४४ सेंटिमीटर रुंद असतो. उजवीकडचा आकड्यांचा भाग काढला की तो ३६ च्या आसपास येतो, आणखी आवळला की ३० पर्यंत. याचा मोठा फायदा खांद्याला होतो, कारण माउस जवळ येतो. (दिवसभर आकडेमोड करणाऱ्यांनी मात्र हा मोह टाळावा.) आकार कमी करताना काय कापलं, हे महत्त्वाचं. एका कीच्या मध्यापासून शेजारच्या कीच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर हे प्रचलित माप आहे. ते घटलं की बोटं एकमेकांत अडखळतात. बॅगेत मावणाऱ्या अगदी चिमुकल्या कीबोर्डमध्ये नेमकं तेच घटलेलं असतं.

दुसरी काटछाट अधिक छुपी असते. अक्षरं पूर्ण आकाराची ठेवायची आणि उजवीकडच्या विरामचिन्हांच्या की बारीक करायच्या किंवा दुसरीकडे हलवायच्या. इंग्रजीत फारसं बिघडत नाही. पण इनस्क्रिप्टमध्ये सेमीकोलनवर 'च', शेजारच्या अवतरणचिन्हावर 'ट', चौकटी कंसावर 'ड' आणि स्लॅशवर 'य' आहे. शिफ्ट दाबून त्यातल्या पहिल्या तिघांवर 'छ', 'ठ', 'ढ' मिळतात. बॅकस्लॅशवर 'ॉ' आहे, म्हणजे 'डॉक्टर', 'कॉलेज' लिहिताना तीही लागते. इंग्रजी लिहिणाऱ्याला नगण्य वाटणाऱ्या या की आपल्याला वाक्यावाक्याला लागतात. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांना, म्हणजे फोनेटिक वापरणाऱ्यांना, हा त्रास नाही.

रुपयाच्या चिन्हाचंही तसंच. विंडोजमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' निवडलं की उजवीकडची ऑल्ट आणि ४ दाबून ₹ मिळतं. काही छोट्या कीबोर्डवर उजवी ऑल्टच नसते.

कोपऱ्यातली की

डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात कंट्रोल आहे की एफएन? आपल्या लॅपटॉपवर जे असेल तेच घ्या. कॉपी-पेस्ट करताना बोट न बघता तिथे जातं, आणि ही सवय मोडायला फार त्रास होतो. बाणांच्या कीही लॅपटॉपसारख्या मांडलेल्या आहेत का, ते पाहा. मागचे पाय उघडून कीबोर्ड तिरका करू नका. मनगट मागे वाकतं. लॅपटॉपचा कीबोर्ड जवळपास सपाटच असतो.

थिंकपॅड वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे: लेनोव्होचा 'ट्रॅकपॉइंट कीबोर्ड २' म्हणजे त्यांच्याच लॅपटॉपचा कीबोर्ड वेगळा काढल्यासारखा, जी, एच आणि बीच्या मधला लाल ठिपका आणि कोपऱ्यातल्या एफएनसह. मॅकवाल्यांना ॲपलचा छोटा मॅजिक कीबोर्ड ओळखीचा वाटेल. इतरांनी लॉजिटेकचा 'एमएक्स कीज मिनी' पाहावा. त्याच कंपनीचा 'के३८०' बराच स्वस्त आहे, तीन उपकरणांना जोडता येतो आणि साध्या सेलवर चालतो. पण त्याच्या की गोल आहेत. काहींना त्या आवडतात. चौकोनी कीवर भराभर टाइप करणाऱ्याचं बोट मात्र दोन कींच्या फटीत पडतं, त्यामुळे हातात घेतल्याशिवाय तो मागवू नये.

फोनलाही जोडायचा असेल तर

ब्लूटूथ असेल तर हाच कीबोर्ड फोनला जोडता येतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या 'फिजिकल कीबोर्ड' या पर्यायात भाषेची मांडणी निवडावी लागते. पडद्यावरच्या कीबोर्डची मराठीची सोय इथे आपोआप मिळेल, असं गृहीत धरू नका. शिवाय काही मिनिटं न वापरल्यास ब्लूटूथ कीबोर्ड झोपी जातो, आणि जागा होताना पहिलं अक्षर कधीकधी गिळतो. एकाच जागी बसून काम करणार असाल तर वायर किंवा यूएसबी रिसीव्हरचा पर्याय असलेला बरा.

दुकानात जाताना आपला लॅपटॉप सोबत न्या. आधी त्यावर, लगेच नव्या कीबोर्डवर एकच परिच्छेद टाइप करा, तोही टेबलाजवळ बसून. इनस्क्रिप्टवाल्यांनी 'यंदा डॉक्टरांची चिठ्ठी' एवढं लिहावं. वर सांगितलेल्या पाचही की त्यात येतात. ऑनलाइन घेणार असाल तर कीबोर्डचा वरून काढलेला फोटो मोठा करून उजवीकडची रांग मोजा. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे आणि त्यात पैसे मिळतात की फक्त बदलून वस्तू मिळते, हेही पैसे भरण्याआधी वाचा.