आखाडा पडद्यावरचा, कुस्ती धंद्यातली

नव्वदच्या दशकात केबल घरोघर आली आणि आपल्या मुलांच्या हाती डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मल्लांचे पत्ते दिसू लागले. या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे कंपनीनेच तसे सांगितले, कारण खेळ म्हटला की सरकारी मंडळाची देखरेख आली. मात्र या आखाड्यामागची धंद्यातली कुस्ती खरी होती. व्यापारी व कारागीर बांधवांनी ती समजून घ्यावी, असे आम्हांला वाटते.

१९४८ मध्ये अमेरिकेतील कुस्ती भरवणाऱ्यांनी संघ स्थापून आपापले मुलूख वाटून घेतले. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत दुकान मांडायचे नाही, असा रिवाज पडला. स्थानिक टीव्हीवरची कुस्ती ही केवळ जाहिरात; कमाई तिकिटांची. न्यूयॉर्कच्या व्हिन्स मॅकमॅहन यांनी १९८२ मध्ये वडिलांचा धंदा विकत घेतला आणि हा रिवाज मोडला. केबलवरून त्यांचा कार्यक्रम प्रत्येकाच्या मुलखात शिरला.

मोठ्या दंगली दूरच्या शहरांतील सभागृहांत पडद्यावर तिकीट लावून दाखवण्याची सोय होती. नॉर्थ कॅरोलिनाचे जिम क्रॉकेट यांनी १९८३ मध्ये ‘स्टारकेड’ तशी दाखवली. मॅकमॅहन यांची पहिली ‘रेसलमेनिया’ ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली. पाहुणे पंच होते मुहम्मद अली. पिट्सबर्गमध्ये मात्र पडद्यावरचे चित्र बंद पडले आणि प्रेक्षक खवळले. दुसऱ्याच्या तारेवरून माल पाठवण्यातली जोखीम ती हीच.

पुढे घरबसल्या एका कार्यक्रमाचे पैसे भरून तो पाहण्याची सोय झाली. पैसा केबलवाल्यामार्फत येई. २६ नोव्हेंबर १९८७ रोजी क्रॉकेट यांची स्टारकेड आणि मॅकमॅहन यांची नवी ‘सर्व्हायव्हर सिरीज’ समोरासमोर आल्या. मॅकमॅहन यांनी केबलवाल्यांना बजावले : क्रॉकेट यांची दंगल दाखवाल, तर पुढची रेसलमेनिया मिळणार नाही. बहुतेकांनी क्रॉकेट यांना सोडले. त्यांचे मल्ल नामांकित होते, पण माल गिऱ्हाइकापर्यंत पोहोचलाच नाही. १९८८ मध्ये त्यांना धंदा टीव्हीसम्राट टेड टर्नर यांना विकावा लागला.

टर्नर यांच्याकडे स्वतःची वाहिनी होती. तिच्या जोरावर त्यांच्या डब्ल्यूसीडब्ल्यूने १९९५ पासून सोमवारी रात्री मॅकमॅहन यांच्याशी टक्कर घेतली आणि पुढे सलग ८३ आठवडे प्रेक्षकसंख्येत त्यांना मागे टाकले. पण मालक बदलले, तोटा वाढला आणि २००१ मध्ये वाहिनीने कार्यक्रमच बंद केले. टीव्हीवरची जागा गेल्यावर कंपनीला किंमत उरली नाही. मॅकमॅहन यांनी ती स्वस्तात घेतली.

२०१४ मध्ये त्यांच्या कंपनीने, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, इंटरनेटवर स्वतःची सेवा काढली, महिना ९.९९ डॉलर. केबलवाला मधून गेला. तरी आपले दुकान चालवणे सोपे नसते. २०२१ मध्ये अमेरिकेतील हक्क दुसऱ्या सेवेला दिले गेले आणि जानेवारी २०२५ पासून सोमवारचा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर गेला.

आम्ही मॅकमॅहन यांच्या दांडगाईची तारीफ करत नाही. वाटून घेतलेल्या मुलखांवर विसंबलेले कितीतरी छोटे धंदे तिच्यापायी बुडाले. पण एक गोष्ट गाठीशी बांधावी. हातात हुन्नर असला, माल चोख असला, तरी एकाच दलालाच्या किंवा एकाच पेढीच्या दारातून तो जात असेल, तर ते दार कधी बंद होईल याचा भरवसा नाही. दुसरी वाट आजच शोधून ठेवावी.