रिकाम्या खोलीत पंखा कुणासाठी?

उन्हाळ्यात रामवाडीत दुपारी पंखा बंद करा म्हणणाऱ्याला कोणी घरात घेणार नाही. पेणची दमट हवा अंगाला चिकटून बसते. पण आमच्याकडे जोहरनंतर सगळे जेवायला एका खोलीत जमतात आणि उरलेल्या दोन खोल्यांत पंखे फिरतच राहतात. "भिंतींना उकडतंय का रे?" अम्मी विचारतात. जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो. असे दोन पंखे रोज चार तास उगाच फिरले की महिन्याला 18 युनिट झाले. महावितरणचा दर 100 युनिटांनंतर चढतो, तेव्हा हा इसराफ बिलात चांगलाच दिसतो.

गेल्या एप्रिलमध्ये आखातातून सुटीवर आलेल्या मेहुण्यांनी माणसाची चाहूल ओळखणारे सेन्सर आणले. खोलीत हालचाल दिसली नाही की थोड्या वेळाने पंखा, दिवा बंद. अम्मींचा पहिला प्रश्न, "यात कॅमेरा तर नाही ना?" नाही. तो फक्त हलणाऱ्या अंगाची उष्णता टिपतो.

दोन दिवस मुलांनी हात हलवून पंखे लावण्याचा खेळ केला. तिसऱ्या दुपारी अम्मी झोपल्या होत्या. झोपलेले माणूस हलत नाही. सेन्सरने खोली रिकामी धरली. आम्ही शाळेतून आलो तेव्हा त्या घामाने भिजल्या होत्या, डोके जड, घसा कोरडा. वयस्करांना उकाडा लवकर बाधतो आणि तहान उशिरा कळते. आम्हांला फार लाज वाटली.

मग नीट समजून घेतले. हा साधा सेन्सर अंग आणि भिंत यांच्या उष्णतेतला फरक पाहतो. आपली त्वचा असते 33-34 अंशांची. स्लॅबखालची भिंतही दुपारी जवळपास तितकीच तापली, तर माणूस त्याला धड दिसत नाही. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी तो चुकणार! रडारवर चालणारे सेन्सर श्वासाने हलणारी छातीही ओळखतात, पण ते महाग.

अम्मींच्या खोलीतला सेन्सर त्याच संध्याकाळी काढला. तो आता जिन्यात आहे. तिथे कोणी झोपत नाही. मुलांच्या खोलीत पंखा बंद होण्याची वेळ वीस मिनिटांवर ठेवली आहे.

एसी घेणाऱ्यांनी खोली रिकामी दिसताच बंद होणारा नव्हे, तापमान थोडे वाढवणारा सेन्सर पाहावा. स्टार लेबलचे एसी 1 जानेवारी 2020 पासून मुळातच 24 अंशांवर सुरू होतात. एक अंश वाढवला तर सुमारे 6 टक्के वीज वाचते.

बाकी खोल्यांचे पंखे जेवणाआधी अम्मीच बंद करून येतात.