साहेबाला कंटाळून राजीनामा? आधी पोच घ्या!

मागच्या पावसाळ्यात धारणीहून एक तरुण माझ्याकडे आला. एका सरकारी कार्यालयात सात वर्षे नोकरी, आरक्षित जागेवर लागलेला, घरातला पहिला पगारदार. खिशात चार ओळींचा राजीनामा. "उद्या त्याच्या तोंडावरच फेकतो दादा. पाहून घेतो मंग काय होते ते." मी कागद वाचला. राजीनाम्याचे कारण काय लिहिले होते? 'कौटुंबिक कारणास्तव'! ज्या साहेबाने दोन वर्षे या पोराचे रक्त आटवले, रजेचे अर्ज फाईलखाली दाबले, चारचौघांत 'फुकटात लागलेला' म्हणून हिणवले, त्याच साहेबाला हा पोरगा जाता जाता स्वतःच्या सहीने निर्दोष ठरवून चालला होता.

आपल्या समाजात हे रोज घडते आहे. जागा आपली, सही आपली, आणि रिकाम्या झालेल्या खुर्चीकडे पाहून हसणारे दुसरेच.

अमरावतीत बसलेले अधिकारी कर्मचाऱ्याला धमकी देतात ती 'मेळघाटात पाठवीन' अशी. म्हणजे जिथे कोरकू माणूस पिढ्यान् पिढ्या जगतो तो मुलूख यांच्या लेखी शिक्षेची जागा! अशा मनाने घाट चढून आलेला साहेब तिथल्या कर्मचाऱ्याशी कसा वागणार, हे वेगळे सांगायला नको. परतवाडा सोडले, सेमाडोह मागे पडले की अमरावती फार दूर राहते. वरिष्ठ कधीतरी येतात, विश्रामगृहात उतरतात, परत जातात. बाकी वर्षभर तिथे तो एकच साहेब असतो.

याच रस्त्यावर हरिसाल आहे. 2016 मध्ये देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून ज्याचा गाजावाजा झाला ते हे गाव. तिथेच 25 मार्च 2021 रोजी वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली. वय अवघे 28. मागे ठेवलेल्या पत्रांत त्यांनी उपवनसंरक्षकाने केलेल्या छळाचा आरोप केला होता, आणि वरच्या अधिकाऱ्याला सांगूनही दखल घेतली गेली नाही हेही लिहिले होते. पुढे उपवनसंरक्षकाला अटक झाली, वरचा अधिकारी निलंबित झाला. कोण किती दोषी, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे. मला बोचते ते दुसरेच. गणवेशातली, जंगलतस्करांना न घाबरणारी अधिकारी. तिला या खात्यात दाद मागायला एक दार उघडे सापडू नये? बदली, रजा, तक्रार, आणि काहीच जमले नाही तर राजीनामा. ही दारे माणसाला जिवंत बाहेर काढण्यासाठी असतात. नोकरी गेली तर दुसरी शोधता येते. ज्याला रात्री झोप येत नाही, वाईट विचार येतात, त्याने वकिलाकडे येण्याआधी घरच्या माणसाजवळ बोलावे, टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. कायदा नंतर पाहू.

आता कायद्याचे. शासकीय कर्मचाऱ्याने राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांतला फरक पाठ करून ठेवावा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 मधला नियम 46 सांगतो की राजीनामा दिला की मागची सेवा जप्त होते. अठरा-एकोणीस वर्षे घासली आणि एका संध्याकाळच्या संतापात कागद दिला, तर निवृत्तिवेतनासाठी ती वर्षे शून्य. आणि नियम 66 प्रमाणे वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन सन्मानाने निवृत्ती घेता येते. एका वर्षासाठी आयुष्याची भाकर गमावलेली माणसे मी पाहिली आहेत. दुसरी सरकारी नोकरी लागली म्हणून सोडत असाल, तर त्या नोकरीचा अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयामार्फत गेलेला असावा आणि राजीनाम्यात तसे स्पष्ट लिहावे. तेव्हा मागची सेवा जात नाही. बरेच गुरुजी इथेच फसतात. चोरून परीक्षा देतात, पास होतात, आणि मग रडतात.

रागात लिहून गेलेला कागद परत घेता येतो का? येतो, पण वेळेत. राजीनामा अमलात येण्यापूर्वी तो मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये गोपालचंद्र मिश्र प्रकरणात सांगितले. ते प्रकरण तर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीच्या राजीनाम्याचे होते! दुसरे प्रकरण डॉ. प्रभा अत्री यांचे. अलाहाबादच्या रुग्णालयातल्या या डॉक्टरांनी वैतागून लिहिले होते की हे मान्य नसेल तर राजीनामा देण्यावाचून मला गत्यंतर नाही. व्यवस्थापनाने लगेच राजीनामा 'मंजूर' करून टाकला. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हा राजीनामाच नव्हे. धमकी किंवा वैताग वेगळा आणि नोकरी सोडण्याचा निश्चय वेगळा. पण असा न्याय मिळेपर्यंत काही वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

राजीनामा द्यायचाच ठरला तर त्याच्या आधीचे कागद तयार हवेत. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात. रजा नाकारली, पगार अडवला, अपमान केला, की तारीख घालून अर्ज लिहावा आणि आवक शाखेतून शिक्का-सहीची पोच घ्यावी. तीस दिवसांनी माहितीच्या अधिकारात विचारावे, माझ्या अर्जाचे काय केले? बदल्यांचा 2005 चा कायदा शासकीय कर्मचाऱ्याचा पदावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा ठरवतो. त्याहून जास्त काळ एकाच साहेबाखाली डांबले असेल तर नागपूरच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मात्र तिथे दार नाही, त्यांचा मार्ग वेगळा. महिला कर्मचाऱ्याचा लैंगिक छळ होत असेल तर 2013 च्या कायद्याखाली तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करावी. चौकशी चालू असताना त्या साहेबाची किंवा स्वतःची बदली आणि तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. आणि जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल तर ते 'कार्यालयीन कामकाज' नव्हे, तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा आहे. साक्षीदार कोण होते ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्या चारचौघांपैकी तिघांना काही आठवत नसते.

बाबासाहेबांनी राजीनामा कसा दिला होता? 1917 मध्ये बडोद्याला शिपाई फायली लांबून फेकत होते, राहायला छप्पर मिळेना, तेव्हा ते काही दिवसांतच तिथून निघाले. तरुण होते, एकटे होते. 1951 चे बाबासाहेब वेगळे. 27 सप्टेंबरला नेहरूंना राजीनाम्याचे पत्र दिले, पण हातातली विधेयके टाकून ते पळाले नाहीत. ऑक्टोबरमध्ये संसदेत निवेदन करायला उभे राहिले, तर उपाध्यक्षांनी प्रत आधी दाखवण्याची अट घातली. बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना देऊन मोकळे झाले. कारण न सांगता निघून जाणे म्हणजे सभागृहाशी आणि देशाशी कर्तव्यात कसूर, असे त्यांचे म्हणणे होते. हिंदू कोड बिल, अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळातली स्वतःची कोंडी, सगळे नोंदवले. त्यात 'कौटुंबिक कारण' कुठे सापडते का पाहा!

कंत्राटी पोरांची गोष्ट याहून कठीण. परिचारिका, डेटा एंट्रीवाले, सफाईवाले; यांना साहेब दोन. हुकूम देणारा एक, पगार देणारा एजन्सीवाला दुसरा. राजीनामा दोघांनाही द्यावा, कारण नंतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कामगाराने राजीनामा दिल्यावर बाकी वेतन दोन कामाच्या दिवसांत देणे बंधनकारक आहे. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट असली तरी ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर ती एका वर्षाने मिळू शकते. म्हणून नेमणुकीचे पत्र जपून ठेवा. ज्याला ते पत्रच कधी दिले नाही, त्याने बँकेचा पगाराचा उतारा आणि हजेरीचे फोटो जपावेत.

त्या तरुणाचे काय झाले? त्याचा चार ओळींचा कागद मी टेबलाच्या खणात ठेवला आणि त्याला दुसरा लिहायला बसवले. राजीनामा नव्हे, बदलीचा विनंती अर्ज, सोबत दोन वर्षांत नाकारलेल्या रजांच्या तारखा. तारखा आठवायलाच दोन तास गेले. जाताना दारात थांबून विचारले, "दादा, आवकवाल्यानं पोचच नाही देली तर?"

स्पीड पोस्टाने पाठव, म्हटले. धारणीच्या नको, परतवाड्याच्या पोस्टातून. धारणीत सगळे साहेबाच्या ओळखीचे असतात.